बॅटरीचा हिशेब कोण ठेवणार?



गेल्या महिन्यात आम्ही चौघे भोपाळला लग्नाला गेलो होतो. आपल्या एका सभासदाचा भाचा तिथे नेहरू नगरात राहतो. बड्या तलावात त्याची लहानशी शिडाची होडी आहे. २०२३ साली हरित लवादाने त्या तलावातल्या डिझेलवरच्या मोटरबोटी बंद करायला लावल्या, शीड मात्र चालतं. आता शिडाच्या होडीला इंजिन नाही, म्हणजे पाण्यात बॅटरी भरून येणार नाही. काठावरून नेली तेवढीच. म्हणून पोराने घरीच बॅटरीचा मीटर बनवलाय.

बॅटरीच्या मायनस वायरीत एक जाड पट्टी बसवली, तिला शंट म्हणतात. १०० अँपिअर गेले की तिच्यावर ७५ मिलिव्होल्ट पडतात. नखाएवढी चिप ते मोजते आणि किती करंट आला, किती गेला याची बेरीज-वजाबाकी करत राहते. पडद्यावर आकडा दिसतो: शिल्लक इतके टक्के. खर्च दोन हजारांच्या आत.

आपल्यातले कितीतरी नाखवा म्हणतील, व्होल्ट मीटर आहे की आमच्याकडे! आहे, पण तो फसवतो. इंजिन चालू असताना अर्धी रिकामी बॅटरीही १४ च्या आसपास दाखवते. खरा आकडा काही तास सगळं बंद ठेवल्यावर कळतो: १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. समुद्रात सगळं बंद ठेवणार कोण?

मागच्या हंगामात आपल्याच एका बोटीवर रात्रभर दिवे आणि फिश फाइंडर चालू राहिले. पहाटे स्टार्टरने नुसतं टक् केलं. वायरलेसही त्याच बॅटरीवर, तोही मेला. दुसरी बोट दिसली म्हणून ओढून आणली. नसती दिसली तर?

३० ऑगस्ट २०२४ ला पालघरात पंतप्रधानांनी बोटींवर ट्रान्सपाँडर बसवायची योजना सुरू केली, देशभरात एक लाख. चांगलंच आहे. पण बोटीवर यंत्रं वाढत चाललीत आणि बॅटरी तीच, हे कुणी बोलत नाही.

आमचं मत स्पष्ट आहे. मीटर सोसायटीने एकत्र करून घ्यावेत, आणि स्टार्टरची बॅटरी दिव्यांपासून वेगळी करावी. दुसरं तर मीटरच्याही आधी करा. मीटरलाही मर्यादा आहे: एखादी वायर शंट सोडून थेट बॅटरीच्या मायनसला जोडली तर तिचा करंट मोजलाच जात नाही. आकडा हळूहळू सरकतो, म्हणून अधूनमधून बॅटरी पूर्ण भरून तो पुन्हा १०० वर आणावा लागतो. आणि तलावाचं पाणी गोडं, आपलं खारं. सर्किटवर वार्निश मारून घट्ट डबीत ठेवलं नाही तर एका हंगामात गंजेल.

१ जूनपासून बंदी, बोटी वर ओढलेल्याच असतात. ज्यांच्या घरी आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक्सचा मुलगा किंवा मुलगी आहे त्यांनी मे अखेरपर्यंत ऑफिसात नाव द्यावं. पहिला मीटर आम्ही सोसायटीच्या बोटीवर लावून बघू. बिघडला तर तेही इथेच लिहू.