परांची कूज : औषधाआधी पाण्याकडे पाहावे

शोभेचे मासे पाळणे हा पूर्वी शहरातील हौशी मंडळींचा छंद समजला जात असे. अलीकडे तो परसातील जोडधंदा म्हणून खेड्यांतही रुजू लागला आहे. 2020 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत अशा परसातील संगोपनास अर्थसाहाय्याची तरतूद करण्यात आल्यापासून सिमेंटच्या टाक्यांत गोल्डफिश, मोली, गप्पी यांची जोपासना करणारी कुटुंबे व महिला बचत गट ठिकठिकाणी दिसू लागले आहेत. या धंद्याचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्याजोगे आहे. रोहू वा कटला वजनावर विकला जातो. शोभेचा मासा विकला जातो तो त्याच्या परांवर आणि शेपटीवर. शेपटी झडलेला गोल्डफिश जिवंत असला तरी त्याला गिऱ्हाईक मिळत नाही. म्हणूनच पर व शेपटी कुजण्याचा रोग या पालकांच्या जिव्हारी लागतो, आणि त्या घाईत जे उपचार केले जातात त्यांनी पुष्कळदा रोगापेक्षा अधिक मासे दगावतात.

रोगाची ओळख अवघड नाही. प्रथम पराच्या कडेला दुधासारखी पांढरट रेघ दिसते. पुढे कड विरलेल्या कापडाप्रमाणे झिरझिरीत होते, परातील काड्या उघड्या पडतात, आणि काही वेळा त्यांच्या मुळाशी रक्ताचे लाल ओरखडे उमटतात. मासा अन्न टाकतो व कोपऱ्यात निपचित राहतो. मात्र प्रत्येक फाटलेला पर कुजलेला असतोच असे नाही. दुसऱ्या माशाने चावा घेतल्यास किंवा सिमेंटच्या खरबरीत कडेस घासल्यास पर फाटतो. परंतु त्याची कड स्वच्छ असते, पांढरी पडत नाही व जखम दिवसागणिक आत सरकत नाही. अशा माशास औषधाची गरज नसते. भांडखोर सोबत्यास वेगळे करावे, टाकीची कड घासून गुळगुळीत करावी, म्हणजे काम भागते.

हा रोग मुख्यत्वे एरोमोनास, स्युडोमोनास व फ्लेव्होबॅक्टेरियम या वर्गांतील जीवाणूंमुळे होतो, ही गोष्ट आज सर्वमान्य आहे. परंतु हे जीवाणू बहुतेक टाक्यांतून व तळ्यांतून नित्य वावरत असतात. निरोगी माशाच्या अंगावरील बुळबुळीत आवरण त्यांना थोपवून धरते. हे आवरण दुबळे झाले की जीवाणूंचे फावते, आणि ते दुबळे होण्याचे कारण बहुधा पाण्यातच सापडते. दाटीने ठेवलेले मासे, गरजेहून अधिक टाकलेले खाद्य, तळाशी साचलेली विष्ठा आणि या सर्वांतून निर्माण होणारा अमोनिया हे खरे मूळ होय. पाणी जितके अल्कधर्मी व उष्ण, तितका अमोनियाचा विषारी अंश वाढतो. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या छपराखालील टाकीत हा रोग पाहता पाहता फैलावतो, त्याचे एक कारण हेच.

पाणी दूषित असताना औषध घालणे म्हणजे गळक्या छपराखाली भिंत सारवत बसणे होय. तरीही व्यवहारात नेमके तेच घडते. पालक दुकानातून निळे औषध आणतो. हे औषध म्हणजे मेथिलीन ब्ल्यू. बुरशीवर त्याचा थोडाबहुत गुण येतो. बळावलेल्या परकुजीवर ते फारसे चालत नाही, आणि गाळणीत राहून अमोनिया पचविणाऱ्या उपयुक्त जीवाणूंना मात्र अपाय करते. त्याने भागले नाही की माणसांसाठी आणलेली टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून टाकीत टाकली जाते. जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम या औषधास बांधून ठेवतात, त्यामुळे देशावरील विहिरीच्या पाण्यात त्याचा पुष्कळसा भाग वाया जातो. जो उरतो तो रोगजंतूंना मारण्याइतका नसला तरी त्यांना त्या औषधाची सवय लावण्यास पुरेसा असतो. पुढे ते पाणी गटारात किंवा ओढ्यात जाते. खाद्य मत्स्यशेतीत क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान गटातील औषधांस मनाई आहे. शोभेच्या माशांच्या टाकीत मात्र कोणीही काहीही ओततो. हा प्रकार थांबावयास हवा. रोग जुनाट झाला व मासे मोलाचे असले, तर मत्स्यतज्ज्ञ किंवा पशुवैद्य यांच्या सल्ल्याने, वेगळ्या भांड्यात आणि ठरावीक मुदतीपर्यंत प्रतिजैविक देण्यास हरकत नाही. स्वतःच्या अंदाजाने ते देणे सर्वथा गैर होय.

मोरचुदाचा प्रश्न याहून नाजूक आहे, कारण द्राक्षबागाईतदारापासून सुपारीवाल्यापर्यंत अनेकांच्या घरी तो असतोच. जुन्या पुस्तकांतून परकुजीसाठी मोरचुदाच्या पाण्यात मासा बुडवून काढण्याची शिफारस आढळते, व ती निराधार नव्हती. परंतु मोरचुदाचा विषारीपणा पाण्याच्या जडपणावर अवलंबून असतो. देशावरील जड पाण्यात तो लवकर निष्प्रभ होतो. कोकणातील जांभ्या जमिनीच्या मऊ पाण्यात तीच मात्रा माशाच्या कल्ल्यांना जाळते. एकाच्या अनुभवावरून दुसऱ्याने मात्रा ठरवावी, असे हे औषध नव्हे. पोटॅशियम परमँगॅनेटचीही तीच गोष्ट. दर हजार लिटरला दोन ग्रॅम ही त्याची मात्रा मोजून द्यावी लागते, आणि पाण्यात घाण असेल तर ते तिच्यातच खर्ची पडून पाणी तपकिरी होते. मग पालक आणखी चिमूटभर टाकतो व दुसऱ्या दिवशी मासे तरंगतात. ज्याच्याजवळ ग्रॅम मोजणारा काटा नाही, त्याने या दोन्ही वस्तूंच्या वाटेस जाऊ नये.

सामान्य पालकाच्या आवाक्यातील उपाय दोनच : ताजे पाणी आणि साधे मीठ. ते फारच घरगुती वाटतात म्हणून त्यांची उपेक्षा होते. रोगट मासे प्रथम वेगळ्या टाकीत काढावेत. मूळ टाकीतील तळाचा गाळ नळीने ओढून घ्यावा व चौथा ते तिसरा हिस्सा पाणी बदलावे; सगळे पाणी एकदम बदलू नये, कारण त्या धक्क्याने अशक्त मासे खचतात. गाळणीचा स्पंज नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. एक-दोन दिवस खाद्य बंद ठेवावे. उपाशी ठेवल्याने मासा मरेल ही भीती निराधार आहे.

नवे पाणी भरताना एका गोष्टीकडे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी विशेष लक्ष पुरवावे. गावच्या पाण्यात निर्जंतुकीकरणासाठी टी.सी.एल. पावडर टाकतात. माणसांसाठी ती आवश्यकच आहे; परंतु त्यातील क्लोरीन कल्ल्यांना व परांना इजा करतो. असे पाणी उघड्या पिंपात निदान चोवीस तास ठेवून, अधूनमधून ढवळून मगच टाकीत घ्यावे. पावडर टाकलेल्या दिवशीच पाणी बदलल्याने मासे मेले आणि दोष मात्र खाद्यावर गेला, असे सहज घडू शकते.

मिठाची मात्रा लिटरला दोन ते तीन ग्रॅम. त्यासाठी टाकीतील पाणी मोजता आले पाहिजे. लांबी, रुंदी व पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकारास हजाराने भागले की लिटर मिळतात. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद व अर्धा मीटर पाणी असलेल्या टाकीत हजार लिटर पाणी मावते. तीस दोन ते तीन किलो जाडे मीठ लागेल. ते बादलीत विरघळवून, दोन-तीन हप्त्यांत, दिवसभरात सोडावे. मीठ पाण्याबरोबर वाफ होऊन उडत नाही. म्हणून उन्हाने घटलेले पाणी भरताना पुन्हा मीठ घालू नये; जेवढे पाणी काढून बदलले तेवढ्यापुरतेच घालावे. ही साधी बाब न कळल्याने आठवडाभरात टाकी खारट होते. पाणवनस्पती आधी बाजूला काढाव्यात, त्यांना मीठ सोसत नाही.

चार-पाच दिवसांत पांढरी कड नाहीशी होऊन पराच्या टोकाला काचेसारखी पारदर्शक किनार दिसू लागली, तर ती नव्या वाढीची खूण समजावी. तिलाच रोग समजून पुन्हा औषध सुरू करणारेही आहेत. पराचे मूळ शाबूत असेल तर पर पुन्हा उगवतो. काही आठवडे लागतात, एवढेच. कूज मुळापर्यंत व शेपटीच्या मांसात पोहोचली असल्यास मात्र आशा फारशी नसते. तो मासा टाकीतून काढून खड्ड्यात चुना टाकून पुरावा. तो ओढ्यात सोडून देणे दयाळूपणाचे वाटले, तरी त्याबरोबर रोगही ओढ्यात जातो. शिवाय हौशी लोकांनी सोडलेला सकर मासा आज देशातील किती नद्या व जलाशय व्यापून बसला आहे, हे मच्छीमारांस विचारावे. रोगट टाकीत काम केल्यावर हात साबणाने धुवावेत; हाताला जखम असल्यास त्या पाण्यात हात घालूच नये.

राहता राहिला विक्रीचा प्रश्न. टाकीत कूज दिसताच उरलेले बरे दिसणारे मासे घाईने विकून मोकळे होण्याची प्रवृत्ती समजण्याजोगी आहे, कारण मासे विकत घेण्यात पैसा गुंतलेला असतो. परंतु आठ दिवसांनी तेच मासे गिऱ्हाइकाच्या काचपेटीत कुजू लागतात आणि तो पुन्हा त्या दारी येत नाही. डासांच्या अळ्या खाण्यासाठी गावोगावच्या पाणवठ्यांत सोडल्या जाणाऱ्या गप्पी माशांबाबतही हेच लागू आहे. ज्या पैदास टाकीत झडलेल्या शेपट्या दिसतात, तेथील गप्पी दुसऱ्या गावी देण्यापूर्वी दोन ते तीन आठवडे रोखून ठेवावेत, आणि बाहेरून आणलेला नवा मासाही तितकेच दिवस वेगळ्या पिंपात ठेवून मग टाकीत सोडावा. त्या पिंपाचे जाळे व बादली निराळी असावी. एकच जाळे सर्व टाक्यांत फिरविले तर पिंप वेगळे ठेवूनही उपयोग होत नाही.