बटण आपल्या हाती, नोट्स कुणाच्या हाती?



ॲनिमेशन-व्हीएफएक्सचा कोर्स करणाऱ्या आपल्या मुलामुलींना एक प्रश्न विचारून बघा. ब्लेंडरमध्ये 'रफनेस'चा स्लायडर रोज सरकवता, त्या आकड्याचं आत काय होतं? बहुतेक जण गप्प बसतील. दोष त्यांचा नाही. लाखांत फी घेणाऱ्या संस्था बटण कुठे आहे ते दाखवतात, बटणामागचं गणित दाखवत नाहीत.

ते गणित लिहून ठेवलेलं आहे. सिग्राफ ही संगणक ग्राफिक्सची मोठी परिषद 1974 साली अमेरिकेत बोल्डरला सुरू झाली. तिथे शोधनिबंधांसोबत कोर्स होतात आणि त्यांच्या नोट्स निघतात. 2012 च्या एका कोर्समध्ये डिस्नेच्या ब्रेंट बर्ली यांनी 'रेक-इट राल्फ'साठी घडवलेली मटेरियलची पद्धत नोट्समध्ये उघड मांडली. रफनेसच्या आकड्याचा आत वर्ग केला जातो, कारण मग स्लायडर सरकवताना बदल डोळ्याला सारख्या टप्प्यांनी दिसतो. हे त्यातच आहे. पुढच्याच वर्षी एपिकच्या ब्रायन कॅरिस यांनी त्याच वाटेने जाऊन अनरियल इंजिन 4 च्या नोट्स दिल्या. 2017 साली ब्लेंडरमध्ये आलेला प्रिन्सिपल्ड बीएसडीएफही याच घराण्यातला. बड्या कंपन्या एकमेकींच्या नोट्स वाचतात. वाचत नाही ते आपण!

"पण त्या मिळणार कुठे? पैसे पडतील ना?" एके काळी हे खरं होतं. छापील नोट्स परिषदेला जाणाऱ्याच्या, नाहीतर विकत घेणाऱ्याच्या हाती पडायच्या. त्या ज्ञानबंदीला मनुस्मृतीची गरज नव्हती, विमानाच्या तिकिटाची किंमत पुरेशी होती. पण आता? सिग्राफमागची संघटना एसीएम हिने 1951 ते 2000 चं साहित्य 2022 मध्ये सर्वांना खुलं केलं आणि जानेवारी 2026 पासून सगळी प्रकाशनं खुली करण्याचं जाहीर केलं. त्याआधीपासून बरेच वक्ते आपल्या नोट्स स्वतःच्या पानावर ठेवत आलेत. गेममधल्या रिअल-टाइम रेंडरिंगचा कोर्स 2006 पासून चालतो, त्याच्या नोट्स त्याच्याच साइटवर फुकट आहेत. कोर्सचं नाव, वर्ष आणि 'कोर्स नोट्स' एवढं टाकून शोधा. नाही सापडलं तर लेखकाला दोन ओळींचा ईमेल करा. बंडल बांधून विकणाऱ्याला मात्र एक रुपयाही देऊ नका.

काही ज्येष्ठ कार्यकर्ते विचारतील, हा चळवळीचा विषय कसा? असा की परदेशी सिनेमांचं रोटो आणि पेंटचं काम मुंबई-बंगळुरूच्या स्टुडिओंत फ्रेममागून फ्रेम उपसलं जातं, आणि शेडर लिहिणारा बहुधा दुसरीकडे बसलेला असतो. यंत्र आधी गिळणार तेही हेच हातकाम. जात कामापुरती थांबत नाही, ती कामगारांचीच उतरंड लावते, हे बाबासाहेबांनी 1936 मध्येच दाखवलं होतं. या धंद्याच्या उतरंडीत आपली पोरं कुठल्या पायरीवर उभी आहेत, ते मोजून बघा.

खुलं झालं म्हणजे हाती आलं, असंही नाही. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा मुंबई कायदेमंडळाचा ठराव 1923 चा, महाड नगरपालिकेचा 1924 चा. चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत आलं ते 20 मार्च 1927 ला, चालत गेल्यावर. तिथे डोकी फुटली, इथे कुणी लाठी घेऊन उभं नाही. इथे आडवी येते ती इंग्रजी, आणि दहावीनंतर सोडून दिलेलं गणित. "आर्टिस्टला गणित कशाला?" म्हणणारा मास्तर हा तिसरा अडथळा, आणि तो सर्वांत पक्का.

म्हणून वस्तीतल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या गाईडांशेजारी बर्लींच्या 2012 च्या नोट्सची एक प्रिंट ठेवा. गणितात बीएस्सी केलेली एखादी ताई गल्लीत नक्की असेल. तिच्याकडून व्हेक्टर आणि कोसाइन समजून घ्या. रविवारी एक पान वाचा, ब्लेंडर उघडून स्लायडर हलवून बघा आणि त्या पानाचा अर्थ मराठीत लिहून काढा. पहिलं पान लिहून झालं की मला पाठवा.