शंभर दिवसांची मजुरी



मागच्या महिन्यात मंडळाच्या स्नेहमेळाव्यात, जेवणाच्या पंगतीत एका मुलीनं मला विचारलं, "आत्या, तुम्ही ख्रिस्ती लोक सारखं कृपा, क्षमा म्हणता. म्हणजे कुणी काहीही केलं तरी 'असू दे' म्हणायचं का?" मागे वाढपी उभा होता, मी "नंतर सांगते" म्हणून सुटले. खरं कारण वेगळं होतं. या प्रश्नाचं उत्तर मला लहानपणापासून पाठ आहे, पण तसं वागायची वेळ आली तेव्हा मी नापास झाले होते. आज तेच सांगते.

माझं माहेर भालकीचं. पप्पा शिक्षक होते. निवृत्तीच्या पैशातले दोन लाख त्यांनी माझ्या चुलतभावाला, म्हणजे आमच्या दादाला, दुकान टाकायला दिले. कागद नाही, सही नाही. दुकान दोन वर्षांत बसलं. पैसे गेले ते गेले, पण पप्पा आजारी पडले तेव्हा दादा बघायला आला नाही आणि मातीलाही आला नाही. पुढची सात वर्षं मी त्याच्याशी बोलले नाही. नाताळला भालकीच्या चर्चमध्ये तो दिसला की मी दुसऱ्या दारानं बाहेर पडायची. तरी प्रभुभोजन मात्र दरवेळी घेत होते.

मग एका जूनमध्ये वहिनीचा फोन आला. त्यांच्या मुलीला कलबुर्गीत इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता, हॉस्टेलचं जमत नव्हतं. "थोडे दिवस तुमच्याकडं राहील का?" माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं : "आधी दादाला पैशाचं बोलायला सांगा." वहिनी काहीच बोलल्या नाहीत. फोन बंद झाला. आई माझ्याकडेच असते, ती मेथी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "पैसे त्या पोरीनं घेतले होते काय गं?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. संडे स्कूलमध्ये मी स्वतः मुलांना शिकवलेली एक गोष्ट डोक्यात फिरत होती. पेत्र येशूला विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? त्यावर येशू एका चाकराची गोष्ट सांगतो. या चाकरावर राजाचं दहा हजार तालांतांचं कर्ज होतं. एक तालांत म्हणजे साधारण ६००० दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. हिशोब केला तर ६ कोटी दिवसांची मजुरी होते. ते फिटणं शक्यच नव्हतं. राजाला दया आली, त्यानं सगळं माफ केलं. तोच चाकर बाहेर पडला आणि ज्याच्याकडून त्याला शंभर दिनार यायचे होते, त्याचा गळा धरला.

ही गोष्ट सांगताना आपण 'फक्त शंभर दिनार' म्हणून जातो. पण शंभर दिवसांची मजुरी थोडी नसते. कुठल्याही मजुराच्या घरात विचारा, तीन महिन्यांहून जास्त चूल चालते त्यावर. येशूनं ती रक्कम मुद्दामच खरी ठेवली असावी, असं मला वाटतं. तुमचं काहीच गेलं नाही, असं तो म्हणत नाही. तुमचं गेलंय, आणि तरीही तुम्हाला जे मिळालंय ते त्याहून कितीतरी मोठं आहे, एवढंच तो दाखवतो. कृपा म्हणजे हेच. समोरच्याची चूक लहान करून सांगायची नाही. ती पूर्ण मोजायची आणि मगच हात सोडायचा.

हे नुसतं प्रवचनात राहत नाही, याचा दाखला आपल्या कलबुर्गीशी जोडलेला आहे. आपण पुण्याला जाताना गाडीनं दौंड सोडलं की थोड्या वेळानं केडगाव जातं. तिथं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. याच रमाबाईंनी १९१२ च्या सुमारास, निजामाच्या राज्यातल्या तेव्हाच्या गुलबर्ग्यात, एक ख्रिश्चन हायस्कूल सुरू केलं. त्यांची मुलगी मनोरमा तिथं मुख्याध्यापिका होती.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा, तोही कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानातला. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेली. पुढे भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांत नवराही गेला. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ ला मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन काढलं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला नेलं. १८९३ साली तिथल्या मुली ख्रिस्ती धर्माकडे वळताहेत यावरून गदारोळ झाला. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची भीती त्यांच्या जागी खरी होती, रमाबाईंचं दुःखही खरं होतं.

एवढं झाल्यावर एखाद्यानं दार लावून घेतलं असतं. पण १८९६-९७ ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई तिकडे गेल्या आणि उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. स्वतः दुष्काळात उपाशी फिरल्याची आठवण त्यांना स्वस्थ बसू देत नव्हती. जिला कधीकाळी कुणीतरी हात दिला होता, तिनं तो हात पुढे केला.

केडगावात त्यांनी वेगवेगळी सदनं केली. त्यातल्या एकाचं नाव होतं 'कृपा सदन'. ज्यांच्यावर अत्याचार झाला, ज्यांना फसवलं गेलं आणि नंतर समाजानं ज्यांना 'पतित' म्हणून बाहेर काढलं, अशा बायकांसाठी ते घर होतं. घरचे दारात उभं करत नव्हते, त्यांना इथं जागा होती आणि हाताला कामही होतं. हल्ली 'कृपया' हा शब्द आपण स्टेशनवरच्या भोंग्यात ऐकतो आणि सोडून देतो. रमाबाईंनी तो शब्द घराच्या दारावर लावला.

आता पंगतीतल्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर. ज्यांनी या बायकांना छळलं, त्यांच्याकडे रमाबाईंनी 'असू दे' म्हणत पाहिलं नाही. बायकांवरच्या अन्यायाबद्दल त्या आयुष्यभर उघड बोलल्या आणि लिहीत राहिल्या. १८८२ ला हंटर आयोगापुढे त्यांनी बायकांच्या शिक्षणासाठी साक्ष दिली होती. म्हणून घरात कुणी मारत असेल, कुणी अंगचटीला येत असेल, तर गप्प राहणं म्हणजे कृपा नव्हे. तिथं आधी सांगायचं, सुरक्षित जागी जायचं. मनातला राग सोडणं आणि त्याच माणसाच्या हाती पुन्हा स्वतःला देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पण आपली बहुतेक भांडणं तशी नसतात. कुणी लग्नाला बोलावलं नाही, कुणी वाटणीत एक खोली जास्त घेतली, कुणी ग्रुपवर चार लोकांत अपमान केला. आमच्या पिढीनं हे डोक्यात साठवलं, तुम्ही स्क्रीनशॉट काढून ठेवता. वही बदलली, हिशोब तोच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वहिनीला फोन केला. "पोरीला पाठवा," एवढंच म्हणाले. पैशाचं बोलायचं नाही असं ठरवायला मात्र मला तोंडावर हात ठेवावा लागला. दादाच तिला सोडायला आला. सात वर्षांत फार वाळला होता. चहा घेतला, पप्पांच्या फोटोसमोर बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "तेव्हा काकांना तोंड दाखवायची हिंमत झाली नाही." मला एकदम रडू वगैरे आलं नाही. मी बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

पोरगी आता तिसऱ्या वर्षाला आहे. "थोडे दिवस" कधी संपले कळलं नाही. आईचे पाय तीच चेपते. दोन लाख अजून आलेले नाहीत, कदाचित येणारही नाहीत. कधीकधी, महिनाअखेरीला, मला ते आठवतात आणि जीव कडू होतो. तेव्हा मी पुन्हा एकदा ते सोडून देते. कृपा एकदाच करून संपत नाही, हे मला या वयात कळतंय.

तुमच्याही फोनमध्ये असा एखादा नंबर असेल, ज्याच्यासाठी पहिलं वाक्य 'आधी' नं सुरू होतं. या आठवड्यात तो 'आधी' काढून फोन लावून बघा. काय बोलणं झालं ते पुढच्या मेळाव्यात पंगतीत सांगा. या वेळी मी "नंतर" म्हणणार नाही.