रेषा कोणाच्या हातात?

बोदवड, भुसावळ, मलकापूर या पट्ट्यात लाकूडकाम करणारे माझ्या ओळखीचे बहुतेक मिस्त्री आपल्या समाजातले आहेत. दरवाजा, चौकट, दिवाण, मशिदीतला मिंबर, कुराण ठेवायची रेहल, सगळं ते करतात. त्यांच्या हाताच्या सफाईबद्दल कोणाला शंका नाही. पण कामाची एक पायरी त्यांच्याकडून निसटत चालली आहे आणि आपल्या बैठकांत त्यावर कोणी बोलत नाही. ती पायरी म्हणजे रेषा आखणं.

पूर्वी मिस्त्रीच फळीवर सूत मारायचा, गुण्या लावायचा आणि मग करवत चालवायचा. ‘सुतार’ हा शब्दच मुळी ‘सूत्रधार’पासून आला आहे. सूत ज्याच्या हातात, तो सुतार. आता शहरात सीएनसी राउटर आले आहेत. आठ बाय चार फुटी बोर्ड मशीनवर ठेवला की संगणकातल्या रेषेवरून कटर फिरतो आणि जाळी कापून देतो. ती रेषा मात्र आपल्या मुलानं काढलेली नसते. तिची फाइल विकत किंवा फुकट कुठून तरी आणलेली असते. आपला मुलगा बोर्ड चढवतो, भुसा झाडतो, कडा घासतो. मजुरी मिळते, पण काम ठरवण्याचा अधिकार रेषा काढणाऱ्याकडे राहतो.

मी व्यवसायानं सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, सुतार नाही. तरीही गावातल्या काही तरुण मिस्त्रींबरोबर बसून या फाइली उघडून पाहिल्या. अडचण मशीनची नाही, हे तेव्हा स्पष्ट झालं. माऊसनं, डोळ्यांच्या अंदाजानं काढलेली रेषा पडद्यावर सुंदर दिसते. दोन रेषांची टोकं जुळल्यासारखी वाटतात. मोठं करून पाहिलं तर मध्ये मिलिमीटरच्या दहाव्या भागाची फट निघते. डोळ्याला तो चौकोन दिसतो, पण सॉफ्टवेअरच्या लेखी त्या चार सुट्या रेषा असतात, आणि त्यांच्या आतला भाग खोदायला ते तयार होत नाही. कधी एकाच जागी दोन रेषा एकमेकींवर पडलेल्या असतात. मग कटर तीच वाट दोनदा चालतो, वेळ जातो आणि कड जळते.

नेहमीचं उदाहरण घेऊ. आपल्या जाळ्यांमधला आठ टोकांचा तारा म्हणजे एकाच मध्यावर ठेवलेले दोन चौकोन, त्यातला एक ४५ अंश फिरवलेला. चौकोनाची बाजू ५० मिमी धरा. मध्य शून्यावर ठेवला तर पहिल्या चौकोनाचे कोपरे २५,२५ आणि त्याचे उलटसुलट येतात. फिरवलेल्या चौकोनाची टोकं मध्यापासून ३५.३६ मिमीवर पडतात. म्हणजे ताऱ्याची टोकापासून टोकापर्यंत रुंदी ७०.७१ मिमी. आता कोणी ‘सत्तर धर, काय फरक पडतो’ म्हणालं आणि असे १२ तारे ओळीनं मांडले, तर ८४८.५ मिमीची जाळी ८४० मिमीची होते. साडेआठ मिलिमीटर गेले. मिस्त्रींच्या भाषेत एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिमी. म्हणजे जवळजवळ पावणेतीन सूत. चौकटीत जाळी बसवताना एवढी फट कोणता गिऱ्हाईक चालवून घेईल?

उपाय अवघड नाही. रेषा हातानं ओढायची नाही, आकड्यानं सांगायची. लिब्रेकॅडसारख्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बिंदू आकडे टाइप करून देता येतो. मागच्या बिंदूपासून उजवीकडे ५० मिमी जायचं असेल तर @५०,० आणि ४५ अंशात ५० मिमी जायचं असेल तर @५०<४५. नवी रेषा जुन्या रेषेच्या टोकाला, मध्याला किंवा छेदबिंदूला चिकटवण्याची सोय असते. ती चालू ठेवली की फट राहत नाही. एक तारा नीट काढला की पुढच्याची मापं पुन्हा घ्यायची नाहीत. टोकाला टोक चिकटवून त्याची नक्कल करायची.

यानंतर मिस्त्रीचं ज्ञान लागतं, आणि इथे इंजिनिअर कमी पडतो. १८ मिमीचा म्हणून आणलेला प्लाय व्हर्नियरनं मोजला तर बऱ्याचदा थोडा कमी भरतो. खाच १८ ची ठेवली तर जोड ढिला होतो. ६ मिमीचा कटर रेषेच्या बाहेरून न नेता बरोबर रेषेवरून नेला, तर तुकडा प्रत्येक बाजूनं ३ मिमी, म्हणजे एकूण ६ मिमी लहान होतो. गोल कटर आतला कोपरा काटकोनात कापू शकत नाही, तिथे ३ मिमीची गोलाई राहते. चौकोनी कूस त्यात बसवायची असेल तर कोपऱ्यात थोडं जास्त खोदावं लागतं, नाहीतर पटाशीनं साफ करावं लागतं. लाकडाचा रेषा कुठल्या दिशेनं आहे, कड कुठे चिरफळेल, हे मिस्त्रीला पुस्तक न उघडता कळतं. संगणकावर बसलेल्याला ते कोणी तरी सांगावं लागतं.

हे दुखणं जुनं आहे. दहाव्या शतकात बगदादमध्ये अबुल वफा अल-बुझजानी (९४०–९९८) यांनी कारागिरांना लागणाऱ्या भूमितीवर एक ग्रंथ लिहिला. त्यात तीन सारख्या चौकोनांचे तुकडे करून एक मोठा चौकोन कसा बनवायचा, हा प्रश्न आहे. कारागिरांच्या काही पद्धती डोळ्याला बरोबर वाटत, पण त्या चुकीच्या आहेत हे त्यांनी दाखवून दिलं. दुसऱ्या बाजूला, कागदावर सिद्धता देणाऱ्या विद्वानांना हातानं काम करणं जमत नाही, हेही त्यांनी नोंदवलं.  आपल्या सुवर्णकाळाच्या गोष्टी आपण जलशांमध्ये अभिमानानं सांगतो. त्या काळातला एक गणिती मिस्त्रींसाठी पुस्तक लिहीत होता, हे मात्र सांगत नाही.

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालानं दाखवलं होतं की मुस्लिम कामगारांत नियमित पगारी नोकरीचं प्रमाण कमी आणि स्वयंरोजगाराचं जास्त आहे. म्हणजे कारागिरी हा आपल्यासाठी छंद नाही, घर चालवायचा आधार आहे. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत आणि सुतारकाम त्यातलं एक. प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपये, ५ टक्के व्याजानं आधी १ लाख आणि मग २ लाख रुपये कर्ज. पात्र मिस्त्रींनी हा लाभ जरूर घ्यावा. फक्त अवजार मिळालं म्हणजे काम मिळालं असं होत नाही. रेषा वाचता-काढता येत नसेल तर नवा रंधाही जुन्याच मजुरीवर चालेल.

माझं म्हणणं एवढंच आहे. मोहल्ल्यात आपण दरवर्षी पैसा गोळा करतो. जकात गरजूच्या मालकीची व्हायला हवी, संस्थेवर खर्च करता येत नाही, असा आक्षेप येईल. तो मान्य करू. नफ्ली सदका आणि लिल्लाहच्या रकमेला ती अट नाही. त्यातून दोन जुने संगणक, एक व्हर्नियर आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी एक खोली एवढी सोय होऊ शकते. मशीन विकत घ्यायची घाई नको. फाइल बरोबर असेल तर कापून देणारी मशीनं शहरात आहेत. शिकवणं मराठीत आणि उर्दूत व्हावं, सुताला मिलिमीटरमध्ये बदलण्यापासून सुरुवात व्हावी. एका बाजूला इंजिनिअरिंग शिकलेला मुलगा बसावा, दुसऱ्या बाजूला चाळीस वर्षं काम केलेले चाचा. दोघांनी एकमेकांच्या चुका काढाव्यात.

आणि त्या खोलीत मुलींना जागा असावी. बोर्ड उचलण्याचं कारण पुढे करून मुलींना या धंद्यापासून लांब ठेवलं जातं. ड्रॉइंगला बोर्ड उचलावा लागत नाही. भूमितीत चांगले मार्क मिळवणारी दहावीची मुलगी जाळीची फाइल बनवू शकते, तिचे पैसे तिच्या खात्यात येऊ शकतात.

मशिदीच्या कमिटीत येत्या रमजानच्या खर्चाची चर्चा सुरू होईल तेव्हा कोणी तरी उठून हा विषय मांडावा. आधी कमिटीतल्या मिस्त्रीलाच विचारावं, ‘चाचा, तुम्ही शिकवायला येणार का?’