आबांच्या तीन ट्रंका

आबांच्या पलंगाखाली तीन लोखंडी ट्रंका आहेत. लहानपणी आम्हा भावंडांना त्या उघडलेल्या बघायला मिळायच्या फक्त दिवाळीत, आणि तेही हात धुऊन आल्यावर. आत आगगाड्या. खऱ्यासारख्या हुबेहूब, पण तळहातावर मावतील एवढ्या. इंजिनं, प्रवासी डबे, वाघिणी, सिग्नल, रुळांचे तुकडे, आणि एक छोटंसं स्टेशन, ज्याच्या छपरावर माझा धाकटा भाऊ एकदा बसला होता. (मालगाडीच्या डब्याला मराठीत वाघीण म्हणतात हे मला आबांमुळे कळलं. आमच्या भिलाईत सगळे वॅगनच म्हणतात.)

आबा मूळचे गोंदियाकडचे. भिलाई स्टील प्लांटच्या रेल मिलमध्ये त्यांची सगळी नोकरी गेली. आता वय ८२. यंदा त्यांनी आणि आजीने जुनं घर सोडून आमच्याकडे राहायला यायचं ठरलं, आणि आमचा फ्लॅट काही मोठा नाही. पुण्याच्या काकांनी फोनवर सुचवलं की गाड्या विकून टाकू. बाबांनी एक गिऱ्हाईकही शोधलं. त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर ट्रंकांचे दोन फोटो पाहिले आणि 'सगळं मिळून' एक आकडा सांगितला.

आबा तेव्हा काही बोलले नाहीत. रात्री मला म्हणाले, "त्यानं पाहिलं तरी का, काय काय आहे ते?"

खरं सांगू? आम्हीही कोणी पाहिलं नव्हतं. किती गाड्या आहेत हे आबांना विचारलं तर म्हणाले, "दोनेकशे असतील." आणि गेल्या वर्षापासून आबा थोडं थोडं विसरायला लागले आहेत. औषध चालू आहे, पण डॉक्टरांनी आम्हाला काय ते स्पष्ट सांगितलं आहे. म्हणून मी ठरवलं की विकायचं की ठेवायचं ते नंतर बघू, आधी यादी करू. मोबाइलवर, गूगल शीटमध्ये, म्हणजे घरातले सगळे बघू शकतील.

मी शाळेत असल्यापासून याद्या करणारी मुलगी. त्यामुळे पहिल्याच दिवशी उत्साहात १९ रकाने पाडले. तिसऱ्या गाडीलाच कंटाळा आला. शेवटी नऊ उरले: नंबर, काय आहे, कंपनी, माप, इंजिनावर किंवा डब्यावर छापलेला क्रमांक, स्थिती, मूळ खोकं आहे की नाही, कुठल्या ट्रंकेत आहे, आणि शेवटचा 'गोष्ट'. तुमच्याकडे गाड्या नसतील, नाणी असतील, बाहुल्या असतील, पण यातले बहुतेक रकाने तसेच चालतील.

फोटोंचं काम सोपं. खिडकीजवळ पांढरी चादर, फ्लॅश बंद, शेजारी शाळेची पट्टी. एका गाडीचे चार फोटो: दोन्ही बाजू, समोरून, आणि उलटी करून पोटाकडून. हा पोटाचा फोटो विसरू नका. कंपनीचं नाव, कुठे बनली, कधीकधी चाकाचा तुटका दांडा, सगळं तिथेच सापडतं.

मापासाठी पट्टी रुळावर धरायची आणि दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर मोजायचं. साडेसोळा मिलिमीटर आलं तर ती बहुधा 'एचओ', म्हणजे खऱ्या गाडीच्या ८७ पट लहान. १२ आलं तर 'टीटी', १२० पट लहान. ९ आलं तर 'एन', साधारण १६० पट. एक घोळ मात्र आहे. ब्रिटिश पद्धतीच्या 'ओओ' गाड्या ७६ पट लहान असतात, पण धावतात त्याच साडेसोळाच्या रुळावर. त्यामुळे रूळ मोजून पुरत नाही, खोकंही वाचावं लागतं. आबांची याबद्दल जुनी तक्रार आहे. साडेसोळाला ८७ ने गुणलं की १४३५ मिलिमीटर येतात, म्हणजे युरोपचा रूळ. आपली ब्रॉडगेज १६७६ ची. "माझ्या घरात भारताचं इंजिन परक्या रुळावर उभं आहे," असं ते दर वेळी म्हणतात, आणि दर वेळी ते पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं मी ऐकते.

रेल मिलमधल्या माणसाला यादीचं महत्त्व पटवावं लागलं नाही. तुम्ही कधी स्टेशनवर वाकून रुळाच्या उभ्या बाजूकडे पाहिलं आहे? तिथे ठरावीक अंतराने उठावाची अक्षरं असतात: मीटरला किती किलोचा रूळ (५२ किंवा ६०), पोलादाची प्रत, कारखान्याचं नाव, कोणत्या महिन्यात आणि वर्षी बनला. रूळ गरम असतानाच ती त्यावर उमटवतात. आबा म्हणाले, "आम्ही रुळाच्या अंगावर त्याचा जन्म लिहून पाठवायचो, अन् घरच्या गाड्यांची एक चिठ्ठी नाही."

मग तेच मला रेल्वेचे नंबर शिकवायला बसले. प्रवासी डब्याच्या नंबरातले पहिले दोन आकडे सहसा त्याच्या बांधणीचं वर्ष असतात. दुर्ग स्टेशनवर गाडीची वाट बघताना मुलांना हा खेळ द्या, मोबाइल मागणार नाहीत. वाघिणीचा नंबर तर ११ आकडी. पहिले दोन आकडे तिचा प्रकार, पुढचे दोन ती कुठल्या रेल्वेची, मग दोन आकडे वर्ष, मग चार आकडे तिचे स्वतःचे, आणि शेवटचा आकडा आधीच्या दहांवरून हिशोब करून काढलेला, म्हणजे कोणी लिहिताना चूक केली तर लगेच पकडली जाते.

मला हे इतकं आवडलं की मीही तशीच पद्धत केली. पहिले दोन आकडे प्रकार, पुढचे दोन खरेदीचं वर्ष, मग अनुक्रमांक. आठवडाभर मिरवलं. आणि मग एका इंजिनाने सगळं मोडलं.

हे इंजिन पूर्व जर्मनीच्या 'पिको' कंपनीचं. काळं, वाफेचं, आबांच्या संग्रहातलं सगळ्यात जुनं. विचारलं तेव्हा आबांनी सांगितलं की १९७१ मध्ये प्लांटमधल्या एका रशियन इंजिनिअरने मायदेशी परतताना दिलं. भिलाईचा कारखाना सोव्हिएत मदतीने उभा राहिला, रशियन कुटुंबं इथे राहायची, तेव्हा गोष्ट पटणारी होती. मी मायक्रोफोन दाबून त्यांचं बोलणं शीटमध्ये उतरवलं, नंबरात ७१ टाकले. बारा दिवसांनी, दुसरंच काहीतरी शोधताना, तेच इंजिन हातात घेऊन आबा म्हणाले, "हे मी कलकत्त्याहून आणलं, न्यू मार्केटातून. ७८ साली. तुझ्या आजीला सांगितलं होतं की ऑफिसचं आहे."

आजीला विचारलं. ती म्हणाली, "मला दोन्ही सांगितलं होतं."

मग आता नंबर बदलायचा? बदलला तर खोक्यावरची चिठ्ठी, फोटोंची नावं, सगळं बदला. तेव्हा कळलं की रेल्वे नंबरात वर्ष घालू शकते, कारण वाघीण कारखान्यातून निघताना तिचं वर्ष पक्कं माहीत असतं. आमच्याकडे वर्ष आठवणीवर अवलंबून. मी सगळे नंबर पुसले आणि साधे केले: ००१, ००२, ००३. नंबराला काही अर्थ नाही, तो फक्त बदलत नाही. जी गाडी घरातून गेली तिचाही नंबर दुसरीला द्यायचा नाही, हा नियम आबांचा. (ज्यांना करायचं आहे त्यांच्यासाठी: तो रकाना आधी 'साधा मजकूर' म्हणून सेट करा, नाहीतर शीट पुढची शून्यं गिळून ००१ चा १ करते. नंबराची चिठ्ठी खोक्यावर लावा, गाडीवर कधीच नाही. गोंद रंग सोडवतो.)

आणि पिकोच्या ओळीत मी दोन्ही गोष्टी लिहिल्या, तारखेसकट. कोणत्या दिवशी आबा काय म्हणाले. खरी कोणती, ते ठरवणारी मी कोण?

मधे एक दुर्दशाही झाली, पटकन सांगते. मोबाइल दुरुस्तीला दिला, परत आला तो कोरा होऊन. ४१ गाड्यांचे फोटो गेले. शीट ऑनलाइन होती म्हणून वाचली, फोटो मात्र माझ्या आळसामुळे फोनमध्येच होते. पुन्हा चादर, पुन्हा पट्टी. आता फोटो त्याच दिवशी ड्राइव्हवर जातात, आणि महिन्यातून एकदा सगळं बाबांच्या लॅपटॉपवर.

तिसऱ्या ट्रंकेच्या तळाशी पुण्याच्या संग्रहालयाचं तिकीट सापडलं. कोथरूडला कर्वे रस्त्यावर जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, भाऊसाहेब जोशींनी उभं केलेलं. सिग्नल, पूल, दिवे, रस्ते, त्यातून धावणाऱ्या गाड्या, असं अख्खं शहर. १ एप्रिल १९९८ पासून ते लोकांसाठी खुलं झालं. त्याआधी १९८२ मध्ये त्यांनी हलवता येईल अशी मांडणी करून तिची प्रदर्शनं भरवली होती, पण दर वेळी सगळं सुटं करून पुन्हा जोडणं जिकिरीचं व्हायचं, म्हणून एका जागी कायमचं शहर बांधलं. आबा तिथे काकांबरोबर गेले होते. तो दिवस त्यांना लख्ख आठवतो. संध्याकाळ झाल्यासारखा प्रकाश कमी होतो आणि छोट्या शहरातले दिवे लागतात, ते सांगताना त्यांचे हातही दिवे लावत होते. मी फोनवर आवाज रेकॉर्ड केला आणि त्याचा दुवा तिकिटाच्या ओळीत टाकला. हो, तिकिटालाही नंबर दिला. १३८.

एकूण ओळी झाल्या १४३. दोनशे नाहीत. आठ डबे दोनदोन निघाले, एक निळा तर तीन वेळा घेतलेला. "यादी असती तर पैसे वाचले असते," आजी म्हणाली, आणि तिने हे जरा जास्तच मोठ्याने म्हटलं. जास्तीच्या डब्यांपैकी काही माझ्या भाचीला जातील, काही विकू. किमतीचा रकाना मी वेगळ्या शीटवर ठेवला आहे, ज्याची लिंक फक्त बाबांकडे आणि माझ्याकडे आहे. तिथेही कोणाच्या अंदाजाची किंमत नाही, आबांनी दिलेलीच, जिथे पावती आहे तिथे. गिऱ्हाइकाला बाबांनी सांगितलं, सध्या नाही. आमच्या फ्लॅटमध्ये माझ्या कपाटाचा खालचा कप्पा रिकामा झाला आहे. एक ट्रंक बसते, उरलेल्या दोनचं बघू.

शीटची लिंक मी घरातल्या सगळ्यांना पाठवली होती. गेल्या रविवारी पाहिलं तर ०५६ च्या ओळीत कोणीतरी लिहून गेलं होतं. हा मालगाडीचा गार्डचा डबा, ज्याचं एक चाक चिकटवलेलं आहे. आबांना विचारलं होतं तेव्हा ते म्हणाले होते, कसं तुटलं माहीत नाही. तिथे आता काकांनी पुण्याहून लिहिलं होतं: 'मी पाचवीत असताना तोडला. फेविकॉलने चिकटवला. आबांना सांगू नका.'

मी आबांना वाचून दाखवलं. राहवलंच नाही.

आबांनी चष्मा काढला, पुसला. "मला तेव्हाच माहीत होतं," म्हणाले. "लिही, तेही लिही खाली."