सिकलसेलचं कार्ड आहे, मग यूडीआयडी का मिळत नाही?

यवतमाळ जिल्ह्यात, त्यातही केळापूर, झरी जामणी, घाटंजीकडे, सिकलसेल म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली आणि रक्त तपासणीला वेग आला. तुमचाही रिपोर्ट कदाचित घरात असेल. पण तो रिपोर्ट म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्र नाही, आणि बरेच जण इथेच अडकतात.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात सिकलसेल आहे. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांग म्हणून अर्ज करायचा तर किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. मिळतात महिन्याला २,५०० रुपये, ऑक्टोबर २०२५ पासून.

आधी रिपोर्ट नीट वाचा. सोल्युबिलिटी टेस्ट फक्त एवढंच सांगते की रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे. तुम्ही वाहक (एएस) आहात की रुग्ण (एसएस), हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीमधून कळतं. नुसत्या वाहकाला दिव्यांगत्व मिळत नाही.

खरी अडचण पुढे आहे. पाय नसेल तर तो रोजच नसतो. सिकलसेलचं दुखणं येतं आणि जातं. गेल्या महिन्यात तीन दिवस दवाखान्यात तडफडलेला पोरगा बोर्डासमोर उभा राहतो तेव्हा ठणठणीत दिसतो! म्हणून इथे पुरावा म्हणजे इतिहास: प्रत्येक डिस्चार्ज कार्ड, रक्त चढवल्याची नोंद, जुने रिपोर्ट. कागद हरवतात, भिजतात. मोबाईलवर स्कॅन करून तारखेनुसार पीडीएफ ठेवा, मूळ कागदही जपा.

अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा. राहत्या जिल्ह्यातलं किंवा उपचार सुरू असलेलं रुग्णालय निवडता येतं. ऑक्टोबर २०२४ च्या नियमबदलानं प्रमाणपत्राची मुदत एक महिन्यावरून तीन महिने झाली. दोन वर्षांत निर्णय झाला नाही तर अर्ज निष्क्रिय होतो, पुन्हा भरा! म्हणजे उशीर यंत्रणेचा, हेलपाटे तुमचे.

२०२४ मध्ये पूजा खेडकर यांच्या प्रमाणपत्रांवरून गदारोळ झाला (आरोप त्यांनी नाकारले). खोटेपणा रोखायलाच हवा, कायद्यात त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद आहेच. पण सरकारी मोहिमेतच सापडलेल्या रुग्णावर शंका कसली? तपासणीची नोंद एका पोर्टलवर, दिव्यांगत्वाची दुसऱ्यावर. रुग्णाच्या संमतीनं एक दुसऱ्याला जोडणं, माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्याला विचाराल तर, काही रॉकेट उडवणं नाही. तोवर दोन्हींमधला निरोप्या रुग्णच.

टक्केवारी कमी मिळाली किंवा अर्ज नाकारला, तर निर्णयाच्या तारखेपासून ९० दिवसांत अपील करता येतं. त्यामुळे निर्णयाचा कागद हातात आला की त्यावरची तारीख आधी पाहा.