घांस गळ्याखालीं कसा उतरतो?

घरांतील वडील माणसास अर्धांगवायूचा झटका आला म्हणजे एकीकडे इस्पितळांत नेण्याची धांवपळ सुरू होते, आणि दुसरीकडे कोणीतरी मायेनें त्याच्या तोंडांत चमचाभर पाणी घालतें. हेतु चांगला खरा. परंतु गिळण्याची शक्ति शाबूत आहे कीं नाहीं हें पाहिल्यावांचून असें करणें फार धोक्याचें आहे.

हनुवटीच्या खालीं, कंठमण्याच्या किंचित् वर, घोड्याच्या नालेसारख्या आकाराचें एक लहानसें हाड असतें. त्यास कंठिकास्थि म्हणतात. इतर कोणत्याहि हाडाशीं त्याचा सांधा नसतो. घांस घशांत पोंचतांच स्नायूंच्या ओढीनें हें हाड वर व पुढें सरकतें, आणि त्याबरोबर स्वरयंत्रहि उचललें जातें. श्वासमार्ग मिटतो, अन्ननलिकेचें तोंड उघडतें व घांस नीट खालीं जातो. हें सारें सुमारें एका सेकंदांत घडतें.

ही हालचाल बाहेरून हातास कळते. कंठमण्यावर हलकेंच बोट ठेवून आवंढा गिळून पाहावा. तो वर जाऊन पुन्हां खालीं येतो. तज्ज्ञ रुग्णाच्या गळ्यावर चार बोटें ठेवतात: तर्जनी हनुवटीमागें, मधलें बोट कंठिकास्थीवर, अनामिका व करंगळी स्वरयंत्राच्या वरच्या व खालच्या भागीं. जपानमध्यें प्रचारांत आलेल्या एका चांचणींत रुग्ण ३० सेकंदांत किती वेळां आवंढा गिळतो तें असेंच बोटांनीं मोजतात. ३ पेक्षां कमी वेळां गिळल्यास दोषाचा संशय धरतात.

मात्र बोटांना हालचाल लागली म्हणजे सर्व ठीक आहे, असें नव्हे. कित्येक रुग्णांच्या श्वासनलिकेंत पाणी उतरतें, तरी त्यांना साधा ठसकाहि लागत नाहीं. पुढें न्युमोनिया झाला म्हणजे तें उमगतें. म्हणून संशय असल्यास बेरियम मिसळलेलें अन्न देऊन क्ष-किरणांनीं गिळण्याचें चलच्चित्र घेतात. अथवा १९८८ मध्यें सुझन लँगमोर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं वर्णिलेल्या पद्धतीप्रमाणें नाकांतून बारीक दुर्बीण घालून घसा तपासतात.

तात्पर्य, ही तपासणी होईपर्यंत अशा रुग्णास तोंडानें पाणी किंवा औषधहि देऊं नये. पुढें डॉक्टरांच्या अनुज्ञेनें भरवितांना त्यास ताठ बसवावें, लहान घांस द्यावेत, आणि आवाज घोगरा-ओलसर झाला किंवा खोकला आला, तर लगेच थांबावें. शुश्रूषा करणाऱ्या प्रत्येकानें एवढें जाणून असावें.